सपत्नीक सत्कार

कृषी प्रदर्शन बघायला चाललोय, असं आम्ही गावात सांगितलं होतं. खरं म्हणजे कडुबा साळवेच्या आकाशसाठी पोरगी बघायला निघालो होतो. गाडी माझी होती, म्हणून मला हे गुपित कळलं. नाहीतर भिंतीला भिंत लागून असूनही कडुबानं मला सुगावा लागू दिला नसता.

त्याचं चुकत होतं असंही नाही. आकाश तिशीला टेकला होता. फुलंब्रीच्या आमच्या शिवारात त्याच्यासारखी अद्रक कुणाला पिकत नाही. व्यापारी बांधावर येऊन उभे राहतात. पण पोरीचा बाप घरी यायचा, पोहे खायचा, अद्रकीचा चहा प्यायचा, वावर बघून मान डोलवायचा आणि निघताना म्हणायचा, "घरी विचारून कळवतो." आमच्याकडं याचा अर्थ नाही असा होतो. ते ऐकून ऐकून आकाशच्या आईचा, गीताबाईचा, पोह्यांवरचा जीवच उडाला. फोडणीचा वास आला की गल्लीतल्या बाया निकाल आधीच सांगून मोकळ्या व्हायच्या.

म्हणून या खेपेला कडुबानं डोकं चालवलं. पोरगी घरी बघायची नाही. संभाजीनगरच्या प्रदर्शनात, गर्दीत सहज भेट झाल्यासारखी बघायची. म्हणजे नकार आला तरी गावाला पत्ता नाही. आणि आकाश शेती करतो हे तोंडातून काढायचंच नाही. मेहुणीकडून त्यानं पोरीच्या बापाला, सोयगावकडच्या कारभारी पाव्हण्यांना, निरोप धाडला होता, की पोरगा चितेगावला कंपनीत आहे. पुतण्या प्रणय खरोखरच तिथं कामाला. त्याच्या ओळखपत्राची निळी पट्टी आकाशच्या गळ्यात अडकवली आणि कार्ड मात्र खिशात ठेवायला सांगितलं, कारण त्यावर फोटो प्रणयचा होता.

"शेतीच्या जत्रंत शेतकरी नाय म्हणून हिंडायचं व्हय?" आकाशनं विचारलं.

"लग्न हुईस्तोवर," कडुबा म्हणाला. "मंग काय करायची ती शेती कर."

गीताबाईला कुणी काही विचारलं नव्हतं. ती मांडीवर भाकरीची पिशवी धरून गाडीत बसली होती. फाटकाशी उतरली, जरा जाऊन येते म्हणाली आणि आम्ही गाडी लावून येईतो परतही आली. जाताना पिशवी तिच्या खांद्याला ओढ देत होती, आता हलकी लटकत होती. मी ते बघितलं आणि विसरलो.

कारभारी पाव्हणे ठिबकच्या दुकानाशी भेटले. बायको आणि पोरगी बरोबर होती. जय भीम झाला, अरे तुम्ही इथं कसे, असं आश्चर्य दोन्हीकडून दाखवून झालं. पोरीचं नाव करुणा. चेहऱ्यानं शांत, पण नजर सगळीकडं. कारभारींनी कंपनीतलं काम विचारलं. आकाशनं "पॅकिंगला" एवढं सांगितलं आणि पुढचं सगळं कडुबानंच सांगितलं. कँटीन, बस, दिवाळीचा बोनस. इतकं की मलाच वाटायला लागलं, हा माणूस चितेगावातच जन्मला.

कारभारी पुढं चालता चालता आपलं रडगाणं सांगत होते. कपाशी परवडत नाही म्हणून मागच्या साली अद्रक लावली, तर बेणंच खराब निघालं आणि जमिनीतल्या जमिनीत सडून गेलं. आकाशनं तोंड उघडलं. कडुबा जोरात खोकला. आकाशनं तोंड मिटलं. रोपांच्या मांडवात त्याचा हात आपसूक मातीत गेला, तेव्हाही कडुबाला असाच खोकला आला. मला त्या पोराची दया आली. जे येतं तेच लपवायचं, याच्याइतकं कष्टाचं काम दुसरं नसेल.

"म्या रानात मेलो तेवढं बास झालं," कारभारी म्हणाले. "पोरगी काय रानात द्यायची नाय."

करुणा आकाशच्या नखांकडं बघत होती. "तुमच्या कंपनीत माती लई दिसती," ती हळूच म्हणाली. आकाश लाजला. कडुबानं ऐकलं नाही हे बरं झालं.

दुपारी मंचासमोरच्या मंडपात बसून सगळ्यांनी भाकरी सोडली. वर पिकांच्या स्पर्धेची बक्षिसं वाटणं चालू होतं. कारभारींनी ठेच्याचं कौतुक केलं, त्यांच्या बायकोनं गीताबाईला माहेर विचारलं. आता जमतंय असं वाटतंय तोच लाउडस्पीकर बोलला, "अद्रक, प्रथम क्रमांक. प्रगतिशील युवा शेतकरी आकाश कडुबा साळवे, तालुका फुलंब्री. त्यांनी सत्कारासाठी सपत्नीक मंचावर यावं."

कारभारींचा घास हातातच राहिला.

"सारख्या नावाची माणसं लई असत्यात," कडुबा म्हणाला.

"बापाचं नाव बी सारखं?" कारभारींनी विचारलं.

नाव परत पुकारलं गेलं. आता मला गीताबाईची ती जड पिशवी आठवली. फाटकाशीच स्पर्धेचं टेबल होतं. भाकरीखाली आणलेला अद्रकीचा गड्डा तिनं लेकाच्या नावानं तिथं देऊन टाकला होता.

"माल आपला हाय," गीताबाई म्हणाली. "ऊठ, आकाश."

"बस खाली," कडुबा म्हणाला.

आकाश क्षणभर दोघांच्या मधे अडकला. मग त्यानं गळ्यातली निळी पट्टी काढली, बापाच्या हातात दिली आणि मंचाकडं चालू लागला.

निवेदकानं हार घातला, फवारणीचा पंप दिला, मग साडी हातात घेऊन त्याच्या पाठीमागं बघितलं. वहिनी कुठं आहेत, असं त्यानं माइकवरच विचारलं.

"नाय अजून," आकाश म्हणाला. "शेती करतो ना."

सगळा मंडप हसला. पण हसू लवकर विरलं, कारण मंडपात बसलेल्या कितीतरी जणांच्या घरी असा एकेक आकाश होता. निवेदकानं साडी त्याच्याच हातावर ठेवली. गीताबाईनं डोळे पुसले. माझेही भरून आले होते, लपवायचं कशाला.

हात धुऊन कारभारी उभे राहिले. राग नव्हता त्यांना. "पोरगा चांगला हाय," ते म्हणाले. "खोटं तुमी रचलं, त्यानं नाय. पर... घरी विचारून कळवतो."

घर तिथंच उभं होतं, बायको आणि पोरगी दोघी. त्यांना कुणी विचारलं नाही.

चार पावलं जाऊन कारभारी मागं फिरले. नजर मंचावर मांडलेल्या त्या गड्ड्यावर होती. यंदा परत अद्रक लावायची आहे, बेणं खात्रीचं पाहिजे, तुमच्याकडचं द्याल का, रोख देतो, असं ते जरा अवघडूनच बोलले.

कडुबानं निळी पट्टी घडी करून खिशात घातली. दिवसभरात पहिल्यांदाच त्याला खोकला आला नाही.

"लेकरावानी जपलेलं बेणं हाय, पाव्हणं," तो म्हणाला. "कुणाच्या रानात पडतंय, कसं नांदतंय, समदं बघावं लागतं. घरी विचारून कळवतो."

करुणानं ओढणी तोंडाला लावली, तरी हसू दिसलंच. गीताबाई आकाशनं खाली येऊन दिलेली साडी काखेत धरून कडुबाच्या शेजारीच उभी होती. तिलाही कुणी विचारलं नाही.