आधी तू

शर्टांच्या कारखान्यातले कटिंग मास्तर कापडाचे शंभर थर एका दमात कापत, पण सुई दिसली की त्यांचे पाय लटपटत. त्यामुळे त्यांच्या संसारात एक रिवाज पडला होता. भीतीचं जे काही असेल, ते आधी मास्तरीणबाईंनी करून पाहायचं. गरम चहाचा पहिला घोट त्यांचा, नव्या लिफ्टमध्ये पहिलं पाऊल त्यांचं, दातांच्या डॉक्टरची खुर्चीसुद्धा आधी त्यांनीच उबवायची. मास्तर मागून म्हणत, "आधी तू." शेजारी याला सभ्यता समजत.

त्या दुपारी जेवता जेवता मास्तरांच्या छातीत चमक निघाली. त्यांनी असा काही गलका केला की शेजाऱ्यांनी त्यांना खुर्चीसकट उचलून हॉस्पिटलात आणलं. नर्सने सुई काढताच मास्तरांनी हात पाठीमागे लपवला.

"आधी तू," ते बायकोला म्हणाले.

"अहो, मला काय धाड भरलीय?"

"म्हणूनच म्हणतो. दुखतं का, तेवढं बघ."

मास्तरीणबाईंनी बाही वर केली. "काढलेलं रक्त आम्ही ओतून देत नाही हं," म्हणत नर्सने दोघांच्याही नळ्या तपासणीला धाडल्या.

बाकावर बसून मास्तरांनी निरवानिरव सुरू केली. "माझी मोठी कात्री धाकट्याला देऊ नकोस. पत्रा कापेल मेला." बाई पदराने मान पुसत होत्या.

"तुला कशाला घाम?"

"पित्त. आठवडा झाला. जबडाही दुखतोय. आमच्याकडच्या बायकांना असतंच ते. आई त्यानेच गेली, ताईही."

बाईंचे आईवडील समुद्रापलीकडून आलेले, रंगारूपाने वेगळे. या लग्नापायी मास्तरांच्या काकांनी जन्मभर अबोला धरला होता. काका गेल्यावरही फारसा फरक जाणवला नाही.

डॉक्टरीणबाई आल्या. पोरसवदा, पण चेहरा गंभीर.

"काका, तुम्ही घरी जा. तुमचा गॅस आहे. काकू राहतील."

"काकू? तिला तर नुसतं टोचून बघितलं!"

"हृदयाला इजा झाली की रक्तात एक द्रव्य वाढतं. तुमचं बावीस आलंय, यांचंही बावीस."

"मग झालं की! मी ठणठणीत, तर तीही ठणठणीत."

"पुरुषांची हद्द चौतीस, काका. बायकांची सोळा. पूर्वी सगळ्यांना एकच हद्द लावायचे. मग बायका पित्ताची गोळी घेऊन घरी जायच्या."

पुढे काय व्हायचं, ते डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नाही. मास्तरांना बायकोची आई आठवली, तिची ताई आठवली. पुरुषाचा शर्ट आखडून बाईचा होत नाही, हे ते कारखान्यात शिकाऊ पोरांना ओरडून सांगत आले होते.

"सोळा तरी पक्के ना?" त्यांनी विचारलं.

"ज्यांच्या रक्तावरून ही हद्द आखली, त्यांत काकूंच्या लोकांपैकी जवळजवळ कुणी नव्हतं. त्यामुळे छातीठोकपणे नाही सांगता येत. तासाभराने पुन्हा रक्त बघू. आकडा चढू नये, एवढंच."

तो तास मास्तरांनी बाकाच्या कडेवर काढला. आजवर सगळी मापं त्यांच्याच अंगावर बेतलेली होती आणि त्यांना ती कधी टोचली नव्हती. स्वतःच्या मरणाला घाबरायची त्यांना चांगली सवय होती. त्यात थोडी गंमतही असे, लोक गोळा होत. या भीतीला आवाजच फुटेना. बायकोचा हात हातात घेतला, तर तो गार आणि ओला.

"अहो, एवढं काय त्यात," बाई म्हणाल्या, पण हात सोडवून घेतला नाही.

आकडा अठ्ठावन्न आला.

मग सगळे धावायला लागले. बाईंना चाकांच्या खाटेवर घेतलं. हृदयाची नळी कुठे तुंबलीय ते आत बघायचं होतं. खाट हलली तशी बाईंनी मास्तरांची बाही पकडली. लग्नापासून त्यांनी जे कधी म्हटलं नव्हतं, ते अगदी हळू म्हणाल्या.

"आधी तुम्ही."

मास्तर पुढे झाले. लटपटत्या पायांनी खाटेपुढे चालू लागले. वाटेतलं एकेक दार आधी आपण ढकलायचं, आत डोकावायचं आणि मागे वळून सांगायचं, "काही नाही गं, ये." असे ते शेवटच्या दारापर्यंत आले. तिथे नर्सने त्यांच्या छातीवर हात ठेवला आणि त्यांना बाजूला सारलं.

"इथून पुढे फक्त त्या," ती म्हणाली.