मोहाखालची जागा

"माय, त्या मोहाखाली पाय ठेवू नको. काऊन म्हणून विचारू बी नको."

आदेश हे बोलला तेव्हा त्याच्या हातांना ओल्या मातीचा वास होता. उजाडायच्या आत तो गेला. धुरपतानं गावाला सांगितलं, पोरगा तेलंगणात मिरची तोडायला गेला. पुढे जंगलातलं कुणीतरी येऊन तो गोळीनं गेल्याचं कानाशी सांगून गेलं, तेव्हाही ती शाळेच्या चुलीवर खिचडी ढवळत राहिली.

वाटेवरच्या पळसाला तिनं लाल फडकं बांधलं. पलीकडच्या मोहावर देव कोपलाय, म्हणाली. तिथली फुलं दरसाल तशीच कुजायची. भरली टोपली डोक्यावर घेऊन बाया हसायच्या, "धुरपताचा देव एकलाच मोह पेते."

यंदा दोन्हीकडच्यांनी कबूल केलं. नऊ गावांच्या या रानात बंदूक येणार नाही, पोलिसांची नाही, जंगलातल्यांची नाही. झाड तुटणार नाही, खाण होणार नाही. ठाणं उठलं. जाताना पोलिसांनी रस्ता तपासला. मोह रस्त्यापासून आत होता. ग्रामसभेत अध्यक्ष लालसू, आदेशच्याच वर्गातला, ताठ मानेनं म्हणाला होता की आपल्या गावचं एकही पोरगं बंदुकीकडं गेलं नाही. धुरपता पुढंच बसली होती.

आज हद्दीचे दगड रोवत माणसं पळसापाशी आली. दगड अलीकडंच रोवा, देव कोपेल, ती म्हणाली. पुजारी पोचूनं सांगितलं, कालच कोंबडं दिलं, देव राजी आहे.

"देवानं हो म्हटलं, मावशी. आता तुलेच काऊन फिकर?" लालसू हसला आणि खड्डे खणायची लोखंडी सब्बल खांद्यावर टाकून मोहाच्या सावलीत शिरला.

धुरपता त्याच्या मागं निघाली. कुजक्या फुलांत उमटलेल्या त्याच्या पावलांवरच पाऊल ठेवत. त्यानं सब्बल उचलली, तशी तिनं ती दोन्ही हातांनी धरली.

"सोड न, मावशी."

"नाई सोडत. आलास त्याच पावलानं मांगं फिर."

"झालं तरी काय?"

मोहाचं एक फूल तिच्या पदरावर पडलं. पळसापाशी सगळे माना उंचावून बघत होते.

"देव नाई इथी, बापू," ती म्हणाली. "माह्या आदेशनं सुरुंग पुरला आहे. थो मिरचीले गेलाच नवता."