आठव्या डावातला चौकोन

स्कोअरच्या वहीतल्या त्या एका चौकोनात पुष्करचा फायदा काय होता, ते आधी मोजून घेऊ.

पहिला फायदा म्हणजे सासूबाई. पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलेल्या शोभनाबाई सप्टेंबरातल्या त्या रविवारी मैदानावर हजर होत्या. स्कोररच्या लाकडी खोपट्याला लागून घडीची खुर्ची, गुडघ्यांवर शाल, हातात चिवड्याचा डबा. बेसबॉलमधलं त्यांना एकच कळायचं, वेदू कुठे उभा आहे ते. वेदू म्हणजे वेदांत, त्यांचा धाकटा. जर्मनीत कायझर्सलाउटर्नच्या युनिव्हर्सिटीत शिकायला आला, इथेच चिकटला, आणि पुष्करच्या नादाने ‘लाउटर हेष्ट’ या क्लबात शॉर्टस्टॉप झाला. शॉर्टस्टॉप म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला माणूस. सगळ्यात जास्त चेंडू त्याच्याकडे येतात, तेव्हा सगळ्यात जास्त चुकाही त्याच्याच.

दुसरा फायदा खुद्द वेदांतचा. त्याच्या नावावर त्या मोसमात अकरा चुका होत्या आणि कॅप्टनने स्वच्छ सांगितलं होतं, बारावी झाली की पुढच्या वर्षी तू उजव्या कोपऱ्यात, गवत मोजायला. तिसरा फायदा घरातल्या शांततेचा. बायकोचा, नीताचा, भावावर जीव होता, आणि नीता रुसली की घरातली भांडीसुद्धा रुसल्यासारखी वाजत.

आता दुसरी बाजू. तिथे एकच माणूस होता, राइनर. वय त्रेपन्न, सिटी बसचा ड्रायव्हर, क्लबचा सगळ्यात म्हातारा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. अकरा वर्षांपूर्वी युनिव्हर्सिटीच्या टेकडीवर जाणाऱ्या त्याच्या बसमध्ये पुष्कर मोबाइलवर रणजीचा स्कोअर बघत होता. शेवटच्या थांब्यावर राइनरने मान वळवून विचारलं होतं, “आकडे आवडतात? आम्हाला स्कोरर हवाय.” पुष्करची पीएचडी संपली, नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी अन्वी झाली, पण रविवार राइनरचे ते राइनरचेच राहिले.

त्या दिवशी सात डाव झाले तरी समोरच्या संघाला राइनरच्या चेंडूवर एकही हिट, म्हणजे फटक्याच्या बळावर बेस गाठणं, मिळाली नव्हती. पिचरच्या आयुष्यात असा सामना एकदा आला तर आला. क्लबच्या एकतीस वर्षांत कुणाच्याच आला नव्हता. क्लबहाउसच्या भिंतीवर त्यासाठी एक लाकडी पाटी लावून ठेवली होती, आणि तिच्यावर एकही नाव नव्हतं. आठव्या डावात एक साधा, लोळत आलेला चेंडू वेदांतकडे गेला. त्याच्या हातमोज्याच्या टाचेला लागला आणि मागे निसटला. बॅटर पहिल्या बेसवर पोचला.

आता याला हिट म्हणायचं की क्षेत्ररक्षकाची चूक, हे एकटा स्कोरर ठरवतो. चूक लिहिली तर पिचरची पाटी शाबूत. हिट लिहिली तर क्षेत्ररक्षक शाबूत.

“पुष्करराव,” शोभनाबाई खिडकीतून चिवडा पुढे करत म्हणाल्या, “आमच्या वेदूच्या नावापुढे काही वेडंवाकडं लिहू नका हं.”

“छे हो, आई.”

आणि त्याने हिट लिहिली.

त्यानंतर दुसरी हिट झाली नाही, आणि सामना चार-शून्य असा जिंकला. राइनर टोपी काढून खोपट्याच्या खिडकीशी आला, वहीत डोकावला. “हिट?”

“हिट,” पुष्कर म्हणाला. “चेंडूला फिरकी होती.”

राइनरने त्या चौकोनावर बोट टेकवलं. मग म्हणाला, “तू पाहिलंस, तू लिहिलंस. गेनाऊ, बरोबर.” आणि बॅटींची पिशवी उचलून गेला.

जानेवारीच्या तेराव्या दिवशी, बस डेपोत लावून झाल्यावर, तो स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसला तो उठलाच नाही.

*

मोसम एप्रिलात सुरू होणार होता, आणि यंदा आशा धरायला जागा होती. वरच्या लीगमध्ये जायला गेल्या वर्षी एकच सामना कमी पडला होता. नवा कॅचर आला होता, दोघे तिघे मॅनहाइमहून येतो म्हणाले होते. पुष्करने हिवाळाभर ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत बॅटिंगच्या क्रमाचे सतरा कागद केले होते. असा भाबडेपणा त्याने आयुष्यात दुसरा कुठलाच परवडवून घेतला नव्हता.

पण मोसमाआधी ‘कोरडी मॅच’ असते. ही या क्लबची जुनी रीत. मार्चच्या शेवटच्या रविवारी, उन्हाळ्यासाठी घड्याळं तासभर पुढे जातात त्याच दिवशी, सगळे रिकाम्या मैदानावर जमतात आणि चेंडूशिवाय खेळतात. पहिल्या सामन्याचे नऊ डाव कुणीतरी आधीच मनाने लिहून काढायचे, स्कोररने मोठ्याने वाचायचे, आणि खेळाडूंनी तसं धावायचं, वाकायचं, फेकायचं. प्रेक्षकांनी खऱ्यासारखं ओरडायचं. लिहिणारा नेहमी राइनर असे आणि हेष्ट नेहमी जिंकत. यंदा लिहायचं पुष्करवर आलं.

शनिवारी संध्याकाळी तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कोरं स्कोअरशीट घेऊन बसला.

“किती खोडतोयस?” नीता म्हणाली. “कागद फाटेल.”

“आठवा डाव जमत नाहीये.”

“तूच लिहितोयस ना? मग जिंकव की. देवाने पेन्सिल हातात दिलीय आणि हा अडून बसलाय.”

सात डाव झरझर झाले होते. आठव्यात तो लिहायला जाई, चेंडू शॉर्टस्टॉपकडे, शॉर्टस्टॉपकडून पहिल्या बेसवर, बाद. पेन्सिल उचलून बघे तो चौकोनात हिटची रेघ. चार वेळा खोडली. चारही वेळा हात त्याचाच होता, आणि चारही वेळा त्याला ते लिहिल्याचं आठवत नव्हतं.

“आईचा फोन होता,” नीता ओट्याकडे वळत म्हणाली. “विचारत होती, वेदूचं यंदा कसं आहे.”

“छान आहे,” पुष्कर म्हणाला आणि पाचव्यांदा खोडरबर उचललं. तेवढ्यात कागद फाटला. त्याने नवा घेतला, दात आवळून एकेक अक्षर मोठ्याने म्हणत ‘बाद’ लिहिलं, आणि कागद वहीत मिटून तिच्यावर तांदळाचा डबा ठेवला.

*

रविवारी मैदानावर वीसेक माणसं आली. राइनरची बायको गिझेला दरवर्षीसारखी सफरचंदाचा केक घेऊन आली. पिचरच्या उंचवट्यावर कुणी उभं राहायचं नाही असं ठरलं होतं. तिने तिथे राइनरचा हातमोजा ठेवला.

पुष्कर खोपट्याच्या खिडकीतून वाचू लागला. “पहिला डाव, पहिला बॅटर. तीन चेंडू, तीन स्ट्राइक.” कॅचरने हवेतले तीन चेंडू झेलले. लोक ओरडले, केक फिरला, कुणीतरी पंचाला शिव्या घातल्या. दुसऱ्या डावात कॅचरच्या मोज्यात ‘थप्प’ असा आवाज झाला.

“टाळी छान मारतोस,” पुष्कर म्हणाला.

कॅचरने दोन्ही हात वर केले. एकात मोजा, दुसऱ्यात केकचा तुकडा.

त्यानंतर पुष्करने मोजलं. मोजायचं नाही असं ठरवूनही मोजलं. राइनरच्या नावापुढे जितके चेंडू वाचले, तितके थप्प झाले. आधी हसणारी माणसं पाचव्या डावापासून हसेनाशी झाली. सहाव्यात कॅचरने केक खाली ठेवला. सातव्यात कुणीच कुणाकडे बघत नव्हतं.

“आठवा डाव,” पुष्कर म्हणाला. “जमिनीलगतचा चेंडू, शॉर्टस्टॉपकडे. वेदांत उचलतो, फेकतो, पहिल्या बेसवर बाद.”

वेदांत वाकला. सरळ उभा राहिला. मग त्याने मागे वळून पाहिलं आणि धावत सुटला, थेट डाव्या कुंपणापर्यंत. एकजण हसला. तितक्यात कुंपणाची जाळी खणखणली, चेंडू लागावा तशी, आणि तो हसायचा थांबला. वेदांत अजून दहा पावलं लांब होता.

तो तिथेच उभा राहून मराठीत ओरडला, “भाऊजी, सुटला! तेव्हाही सुटलाच होता. तुम्हालाही माहीत होतं!”

“अरे, हळू बोल.”

“कशाला हळू? इथे मराठी कळतं कोणाला?”

पण गिझेला खिडकीशी येऊन उभी राहिली होती, आणि तिला भाषा कळायची गरज पडली नाही. तिने पर्समधून घडी केलेला कागद काढला.

“राइनरने यंदाची कोरडी मॅच नाताळातच लिहून ठेवली होती,” ती म्हणाली. “तुला द्यायचं धाडस होत नव्हतं.”

राइनरचं ते बारीक, तिरकं अक्षर. नऊ डाव, सगळे चौकोन भरलेले. आठव्यातला शॉर्टस्टॉपचा एक तेवढा रिकामा.

“हा राहिला,” पुष्कर म्हणाला.

“मीही तेच म्हटलं त्याला. तर म्हणाला, तो माझा नाही, स्कोररचा आहे.” तिने उंचवट्यावरच्या मोज्याकडे पाहिलं. “रागावून नाही म्हणाला. पण रात्री उठून परत त्या कागदापाशी जाऊन बसला होता.”

पुष्करने आधी त्या रिकाम्या चौकोनात लिहिलं, शॉर्टस्टॉपची चूक. मग कपाटातून गेल्या वर्षीची वही काढली. लीगकडे जुन्या मोसमाची दुरुस्ती एकतीस मार्चपर्यंत करता येते. दोन दिवस उरले होते. सप्टेंबरचं पान उघडलं, हिट खोडली, चूक लिहिली, शेजारी सही केली. कागदावर खोडरबराच्या खाली जुनी रेघ खोल उमटली होती. ती जाईना.

नववा डाव त्याने राइनरच्या कागदावरून वाचला. त्यात काही आवाज झाला नाही. हेष्ट जिंकले.

*

हिशेब असा. वेदांतच्या चुका बारा झाल्या, शॉर्टस्टॉपची जागा गेली. एप्रिलच्या पहिल्या सामन्याला तो उजव्या कोपऱ्यात उभा राहील आणि हेष्टांना नवा शॉर्टस्टॉप शोधावा लागेल, म्हणजे वरच्या लीगची आशाही निम्म्यावर आली. पुष्करच्या सतरा कागदांपैकी एकही आता चालत नाही. शोभनाबाई फोनवर म्हणाल्या, “जावईबापू, घरच्याच माणसाला धरलंत?” आणि पंधरा दिवस बोलल्या नाहीत. भांडी वाजली, पण वेदांतनेच बहिणीला सांगितलं, ताई पुरे, माझ्याच हातून सुटला.

पाटीवर नाव कोरून झालं. ते वाचायला सगळे होते, एक सोडून.

त्या सामन्यापासून डेपोतल्या संध्याकाळपर्यंत राइनर आपली पाटी हुकली नव्हती, ती लिहिली गेली नव्हती, हे मनात ठेवून रोज बस चालवत होता, आणि त्यात पुष्करला ऑफिसला टेकडीवर सोडायचाही. ते दिवस पुष्करने वहीच्या शेवटच्या पानावर मांडले, दोनदा तपासले. एकशे एकवीस. त्या चौकोनाची ही किंमत, आणि ती सगळी राइनरने भरली.