फटाकडीची तिसरी साक्ष

"डोळे मिट बाळा. डोळे मिटले की पाखरं जवळ येतात."

वडील पाणीपुरवठ्याच्या पंपघरात कामाला होते. पहाटे पंप थांबला की तळ्यावर शांतता उतरायची आणि त्या शांततेत ते लेकीला एकेक आवाज ओवून द्यायचे. फटाकडी नावाची छोटी पाणकोंबडी तिला तेव्हाच कळली. लव्हाळ्यात दडून राहणारी, नजरेला न पडणारी. हसू पायऱ्यांवरून घरंगळत यावं, तसा तिचा आवाज.

वडील गेले. पंपघर कुंपणाआड गेलं. फाटकाची किल्ली पक्षीमंडळाच्या सभासदांनाच मिळते. पाहुण्यांनी मधल्या बांधावर थांबायचं. ती किल्ली मिळावी म्हणून लेक तीन महिने दर रविवारी मंडळाच्या फेरीला येते. तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे, तेव्हा मंडळानं तिचं नाव ठेवलंय बटणताई.

"काय बटणताई, दुर्बीण नाही? सुईच्या नेढ्यातून बघता वाटतं!"

मंडळातल्या दंतवैद्य डॉक्टरांचा हा विनोद दर रविवारी नवा असतो. लोक दर रविवारी हसतात.

फेरीनंतर वाचनालयाच्या माडीवर पक्ष्यांची यादी होते. तिनं तीनदा फटाकडी सांगितली. तीनदा अध्यक्षांनी, म्हणजे निवृत्त प्राध्यापक सरांनी, ती लाल पेन्सिलीनं खोडली.

"फोटो नाही? मग विषय संपला. ऐकीव गोष्टींवर शास्त्र चालत नाही, ताई."

आज मात्र सरांचा चेहरा उजळलेला. "मंडळी, फटाकडी! मी उत्तर काठावर ऐकली, डॉक्टरांनी दक्षिण काठावर. एकीनं साद घातली की दुसरी ओ द्यायची. जोडी आहे, जोडी!"

टाळ्या पडल्या.

"फोटो?" तिनं विचारलं.

"अहो, तीस वर्षं मुरलेले कान आहेत हे," दंतवैद्य म्हणाले. "तुमच्यासारखे शिलाई मशीनवर बधिर झालेले नाहीत."

सरांनी दोन कागद तिच्याकडे सरकवले. "जोडीच्या नोंदीला तिसरी साक्ष लागते. बांधावर तुम्ही एकट्याच होतात. इथे सही करा. आणि हा तुमचा सभासदाचा फॉर्म. कधीचा पडून आहे, तोही उरकून टाकू."

फॉर्मवर किल्ली ठेवलेली होती. लहानशीच, पितळी.

तिनं पेन उचललं. समोरच्या भिंतीवर मंडळाचा पहिला नियम टांगलेला होता, सरांच्याच वळणदार अक्षरात: तळ्यावर मोबाईलवर पक्ष्यांचे आवाज वाजवू नयेत.

"लवकर करा ना," मागून कोणीतरी करवादलं. "सही येते ना?"

पुन्हा हशा. तिनं क्षणभर डोळे मिटले, मग पेन खाली ठेवलं आणि किल्ली परत सरकवली.

"सर, मघापासून गप्प बसले, कारण मला ही किल्ली हवी होती. उत्तरेकडची फटाकडी बोलून थांबली की एक माणूस खोकत होता. दक्षिणेकडची थांबली की तोच माणूस, तसाच खोकत होता. दोघांच्या मोबाईलवर एकच रेकॉर्डिंग आहे. तुम्ही डॉक्टरांचा मोबाईल ऐकलात, त्यांनी तुमचा. खरी फटाकडी आज बोललीच नाही."