दोनशे बारा ओळी

“निरुपमाताई, तुम्ही यात काय केलंत?” समरजितने स्क्रीन तिच्याकडे वळवली. शाळेच्या वेबसाइटवरची मेनूची पट्टी मुख्याध्यापिकांच्या फोटोवर चढून बसली होती. बाईंचे नुसते डोळे दिसत होते.

“मी फक्त नीट लावलं. एक अक्षर पुसलेलं नाही.”

फतेगंजमधला छापखाना बंद पडला, तेव्हा तिथे बावीस वर्षं प्रुफं तपासणाऱ्या निरुपमाला मालकांच्या पुतण्याने, या समरजितने, आपल्या वेबसाइटच्या ऑफिसात घेतलं होतं. पानांचे रंग, अंतरं, अक्षरांचे आकार ठरवणाऱ्या फायली इथली मंडळी घाईत कशाही लिहीत. त्या आवरायचं काम तिचं. एका ओळीत एकच सूचना, कंसातल्या ओळी चार घरं आत. अर्थ कळत नसला तरी हात बसला होता. काल मात्र तिने आपल्या मनाने कंसांतले सगळे गट त्यांच्या नावांच्या ए-बी-सी क्रमाने लावले. शोधायला सोपं जाईल म्हणून.

तिने जुनी फाइल छापून घेतली आणि पेन्सिलीने ओळ न् ओळ ताडली. दोनशे बारा होत्या, दोनशे बारा भरल्या.

“सगळ्या आहेत रे. मग बिघडलं कुठे?”

“क्रम बदलला ने, ताई!” समरजित नेहमीच्या गुजराती वळणाने म्हणाला. “ मेनूबद्दल दोन सूचना होत्या. मागून, म्हणजे खाली येते, तीच कंप्युटर मानतो. तुमच्याकडून मागची वर गेली.”

“मग जी चालत नाही ती ठेवलीच कशाला?”

समरजितने खांदे उडवले. “ते ही फाइल लिहिणाऱ्या उन्मेषला माहीत. तो गेला कॅनडाला. काढली तर आणखी कायतरी पडेल.”

कोणी ऐकत नाही, तरी काढायची नाही, अशी ओळ! निरुपमाला काही केल्या उमगेना.

समरजितने जुनी फाइल परत आणली आणि एक बटण दाबलं. क्षणात कंसातल्या सगळ्या ओळी चार-चार घरं आत सरकल्या. क्रमाला धक्का नाही. “आता हे मशीनच करेल,” तो बोलून गेला आणि वरमला. “म्हणजे... तुमचं बघू काहीतरी.”

“काय?”

“खरं सांगू? मलाही नाही माहीत.”

तिने खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग म्हणाली, “यात असं काही लिहिता येतं, जे कंप्युटर वाचणार नाही?”

“हो ने. या दोन खुणांच्या मध्ये काहीही लिहा.”

“मग ते वाचतं कोण?”

“पुढे जो ही फाइल उघडेल तो.”

समरजित शाळेला फोन करायला बाहेर गेला. निरुपमाने मेनूच्या मागच्या सूचनेच्या वर जागा केली आणि एकेक अक्षर शोधत टाइप केलं : ‘ही खालची ओळ वर नेऊ नये. आधीची चालत नसली तरी काढू नये. का, ते मला कळलेलं नाही.’

छापखान्यात तिचं नाव कधी कुठल्या पानावर आलं नव्हतं. थोडं थांबून तिने खाली लिहिलं, ‘निरुपमा शिर्के’. मग वेलांटी तपासली आणि फाइल सेव्ह केली.