गार इंजिनाचा आवाज

ती जनावरांची डॉक्टर होती. डोंगरात विखुरलेल्या गोठ्यांवर जाणं हे तिचं रोजचं काम, आणि तिची जुनी छोटी गाडी त्या रस्त्यांपुढे हात टेकायची. एकदा गाडी चिखलात रुतली आणि ती पायी वर पोचेपर्यंत अडलेली गाय वासरासकट गेली. गोठ्याचा मालक रागावला नाही. त्याने तिला हात धुवायला गरम पाणी आणून दिलं, आणि तेच तिला जास्त लागलं. घरी आल्यावर तिने बाबांना सांगितलं की आता चारही चाकं ओढणारी गाडी घ्यायची. नवी परवडणार नव्हती, तेव्हा जुनी बघायची.

बाबांच्या अंगात एकदम जीव आला. त्यांचा जन्म बस चालवण्यात गेला होता. गुडघे दुखतात म्हणून त्यांनी वेळेआधीच नोकरी सोडली होती, आणि आई गेल्यापासून ते लेकीकडेच राहत होते. दिवसभर खिडकीशी बसायचे, टीव्ही शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल इतका मोठा लावायचे. अलीकडे विचारलं एक की उत्तर दुसरंच देत. ती तोच प्रश्न पुन्हा, जरा मोठ्याने विचारायची. कानांचा विषय मात्र दोघांपैकी कुणीच काढत नव्हतं.

बघायची ठरलेली गाडी एका कंत्राटदाराची होती. बाबांनी मुद्दाम सकाळी लवकर जायचं ठरवलं होतं. पोचल्या पोचल्या त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला. विकणारा आधीच इंजिन तापवून ठेवतो आणि गार असतानाची दुखणी लपवतो, हे त्यांनी तिला वाटेत बजावलं होतं. बॉनेट गार होतं. मग ते वाकले आणि चारही टायर बोटांनी चाचपले. अशा गाडीत एक टायर नवा आणि तीन झिजलेले असले की चाकं एकमेकांशी भांडतात आणि आतले गिअर खातात, असं त्यांचं म्हणणं. टायर सारखेच झिजलेले होते. ऑइलचं झाकण उघडून त्यांनी आतली बाजू पाहिली. पाणी ऑइलमध्ये शिरलं असेल तर तिथे दुधाळ लगदा साचतो. तसं काही नव्हतं. धूर सोडणाऱ्या नळीत त्यांनी पांढरा रुमाल फिरवून काजळीही पाहिली. कंत्राटदार कौतुकाने बघत होता.

“लग्नाला निघाल्यासारखी नटवलीय,” बाबा तिच्या कानाशी म्हणाले, “पण आतूनही बरी दिसतेय.”

मग त्यांनी तिला किल्ली फिरवायला सांगितली आणि स्वतः इंजिनावर मान तिरकी करून उभे राहिले.

इंजिन सुरू झालं आणि तिला खडखड ऐकू आली. पत्र्याच्या डब्यात कुणी साखळी हलवावी तशी. थोडा वेळ आली आणि विरली, मग इंजिन नीट चालू लागलं. तिने खिडकीतून वाकून बाबांकडे पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि चेहऱ्यावर असं समाधान होतं, जे तिने आईच्या जाण्यानंतर पाहिलं नव्हतं.

“आत मांजर झोपलंय,” ते म्हणाले. “घे डोळे झाकून.”

तिच्या मनात पाल चुकचुकली. ती खाली उतरून विचारू शकली असती. पण कंत्राटदार समोर होता, बाबा ताठ उभे होते, आणि त्या परक्या माणसादेखत त्यांना ‘तुम्हाला ऐकू आलं नाही’ असं म्हणायला तिची जीभ रेटेना. तिने गाडी घेतली.

गाडी डोंगर छान चढायची. चिखल असो, सैल खडी असो, कुठे अडली नाही. गोठेवाले म्हणायचे की डॉक्टरीणबाई आता बोलावण्याआधीच येतात. फक्त रोज सकाळी ती खडखड व्हायची, आणि हळूहळू जरा जास्त वेळ होऊ लागली. ती किल्ली फिरवण्याआधी रेडिओ लावू लागली. मेकॅनिककडे न्यायचं तिने कितीदा मनाशी ठरवलं. पण गाडीची देखभाल बाबांनी अंगावर घेतली होती. त्यांना न सांगता नेली असती तर ते दुखावले असते, आणि सांगून न्यायची तर कारण सांगावं लागलं असतं. थंडी सरली की बघू, असं म्हणत तिने कानाडोळा केला.

त्या दिवशी एका लंगड्या घोड्याला बघून दोघं परतत होती. बाबा सुट्टीच्या दिवशी तिच्याबरोबर यायचे. मोठ्या उतारावर पुढून कसलासा कडाड आवाज झाला, स्टिअरिंगमागचे लाल दिवे लागले आणि इंजिन बंद पडलं. स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. तिने ब्रेक दाबला, सोडला, पुन्हा दाबला, तर तो पायाखाली लाकडासारखा कडक. उजवीकडे दरी होती. काय झालं ते बाबांना आवाजावरून नाही, तिच्या चेहऱ्यावरून कळलं असावं.

“पाय उचलू नकोस,” ते म्हणाले. “दोन्ही पायांनी दाबून धर. डोंगराला घासू दे.”

त्यांनी हँडब्रेक एकदम न खेचता थोडा थोडा ओढत नेला. डावी बाजू दगडांना घासत, दार चेपत, गाडी बऱ्याच अंतरावर जाऊन थांबली. तिला खरचटलंसुद्धा नाही. हँडब्रेक धरलेला बाबांचा उजवा हात मनगटात मोडला होता.

गॅरेजमधला मेकॅनिक म्हणाला की इंजिनातली टायमिंग चेन सैल होत होत तुटली आणि आतल्या सगळ्याचा चुराडा झाला. या इंजिनात आता काही राम नाही.

“असं एकाएकी होत नाही,” तो तिला म्हणाला. “सकाळी गार असताना खडखडत असणार, कित्येक महिने. तुम्हाला ऐकू नाही आलं?”

गोंगाटात काम करून त्याला मोठ्याने बोलायची सवय होती. त्याचा शब्द न् शब्द बाबांपर्यंत पोचला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि तिने मान खाली घातली.

घरी स्वयंपाकघरात तिने त्यांच्यासमोर चहा ठेवला. प्लॅस्टरमधला हात टेबलावर ठेवून ते बसले होते.

“पहिल्या दिवसापासून येत होता आवाज?”

“हो.”

“मग बोलली का नाहीस?”

तिने खरं ते सांगितलं. तुम्ही इतके खुशीत होतात, म्हणाली, मला ते मोडवेना.

“माझ्या खुशीसाठी तू स्वतःला त्या उतारावर नेलंस,” ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. “मी काय लहान आहे?”

मग त्यांनी चहाचा कप बाजूला सारला.

“माझे गुडघे ठणठणीत होते,” ते म्हणाले.

तिला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. एका थांब्यावर उतरणाऱ्या म्हातारीची पिशवी बसच्या दारात अडकली. सगळी बस थांबा म्हणून ओरडत होती आणि ते गाडी पुढे नेत होते. कुणीतरी धावत येऊन खांदा हलवला तेव्हा त्यांनी ब्रेक मारला. म्हातारी फरफटली होती, वाचली. दुसऱ्या दिवशी त्यांनी गुडघ्यांचं कारण लिहून राजीनामा दिला. आईलाही खरं सांगितलं नव्हतं.

आता मात्र तिला राग आला. कमी ऐकू येतं हे त्यांना ठाऊक होतं, आणि तरी ते मान तिरकी करून उभे राहिले होते.

“मग त्या दिवशी कान लावून काय ऐकत होतात, बाबा?”

ते प्लॅस्टरच्या कडेवर बोट फिरवत राहिले.

“आठवत होतो,” ते म्हणाले. “चांगलं इंजिन कसं वाजतं ते.”

ती उठून सिंकपाशी गेली आणि नळ सोडून उभी राहिली. त्या आठवड्यात दोघं कामापुरतं बोलत होती. डोंगरातले फोन तिला दुसऱ्या डॉक्टरकडे वळवावे लागले, आणि प्रत्येक फोननंतर तिला गाय गेली तो वरचा गोठा आठवायचा.

गाडी भंगारात गेली. महिनाभराने ती दुसरी एक बघायला निघाली, तेव्हा बाबा न विचारताच चपला घालून दाराशी आले. डाव्या हाताने त्यांनी टायर चाचपले, झाकण उघडलं. इंजिन सुरू करायची वेळ आली तेव्हा ते बाजूला झाले आणि म्हणाले, “तू ऐक. जे येईल ते सांग, मोठ्याने.”

तिने मालकासमोरच सांगितलं की वरच्या बाजूने बारीक टकटक येतेय. वेग वाढवला की वाढते का, त्यांनी विचारलं. वाढते, ती म्हणाली. मालकाचं तोंड उतरलं. ती गाडी त्यांनी घेतली नाही.

परतताना बसमध्ये ते तिला टकटक कशी होती ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले, इतक्या मोठ्याने की लोक वळून बघत होते. तीही तितक्याच मोठ्याने सांगत राहिली.

कानांच्या डॉक्टरांची वेळ त्यांनी स्वतःच घेतली, आणि त्या दिवशी डोकं दुखतंय म्हणून गेले नाहीत. मग पुढची घेतली.