पाचवी रकात

"बानो, आता बस. चारी झाल्या."

रहेमतुल्लानं खांदा हलकेच दाबून बायकोला नमाजेच्या मुसल्ल्यावर बसवलं. चार रकातींची, म्हणजे चार आवर्तनांची नमाज, आणि ती पाचव्यांदा उभी राहत होती. हीच बानो लोणारच्या अर्ध्या गल्लीतल्या पोरींना कुराणातल्या सुरा शिकवायची. चूक केली की कानच धरायची. आता तिचीच जीभ सुकून टाळूला चिकटत होती, अन् सुरा मधेच हरवत होती.

मेहकरच्या डॉक्टर प्रतीक्षांनी तिची सुजलेली बोटं पाहिली, रक्ताचा रिपोर्ट पाहिला, मग टेबलावरच्या गोळ्या.

"लघवी रोखायची गोळी रोज एकच देता ना?"

"दोन देतो," रहेमतुल्ला खाली पाहत म्हणाला. "खोकलली तरी थेंब जाते, वुजू तुटते. पुन्हा हातपाय धुवा लागते बिचारीले. दोन दिल्या का नमाज पाक होते."

"आणि ही खाजेची, ही झोपेची? सगळ्या एकाच जातीच्या आहेत, चाचा. तोंड कोरडं पाडतात, मेंदू मंदावतात. यांच्या अंगात सूज आहे, तिचाही या गोळ्यांशी संबंध असू शकतो. काही अभ्यास तसं म्हणतात, खात्री अजून कुणालाच नाही. पण विसरणं या गोळ्यांनीच वाढलं असावं. हळूहळू बंद करू."

"मंग आठवंन तिले?"

"बरंचसं. पण थेंब जातील."

परतीच्या एसटीत त्याला बानोकडे बघवेना. करायला गेलो काय अन् झालं काय! नमाज सांभाळायला दिलेल्या गोळीनंच नमाज खाल्ली होती, आणि ती गोळी रोज तोच प्रेमानं तिच्या तळहातावर ठेवत होता.

गोळ्या सुटल्या तशी बानो हळूहळू परत आली. बोटांची सूज मात्र तशीच राहिली. एका दुपारी असरची नमाज तिनं एकटीनं, न अडखळता पुरी केली. मग कपड्याला हात लावला आणि तोंड फिरवलं.

"ओलं झालं."

"मौलानांले इचारलं म्या. आजाऱ्याले माफी हाय. दर नमाजीले नवी वुजू कर, बस."

ती बराच वेळ मुसल्ल्याची झालर बोटांनी सरळ करत राहिली.

"अनसचे अब्बा, मधातल्या दिवसांत नमाजीत चुकत होती का मी?"

वुजू करून, टोपी घालून तो मशिदीत निघाला होता. उंबऱ्यातच थांबला.

"एकबी नमाज नाही चुकली तुही."

"अल्लाचा शुक्र," ती म्हणाली. तिचा चेहरा उजळला.

खोटं बोलल्यानं वुजू तुटत नाही, हे रहेमतुल्लाला ठाऊक होतं. तरी त्यानं टोपी काढून खुंटीला लावली आणि तो पुन्हा नळापाशी जाऊन बसला.